मुलीच्या गळ्यावरची गाठ साधी आहे, तर मग हाडाचा तुकडा कशासाठी काढायचा?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. माझ्या ११ वर्षांच्या मुलीच्या गळ्यावर अगदी मध्यभागी, हनुवटी आणि कंठमणी यांच्यामध्ये, एक गोल गाठ आहे. गेल्या पावसाळ्यात सर्दी-ताप येऊन गेल्यावर ती पहिल्यांदा नजरेस पडली, तेव्हा शेंगदाण्याएवढी होती आणि अजिबात दुखत नव्हती. पुढच्या सर्दीत मात्र ती सुपारीएवढी फुगली, वरची कातडी लाल झाली आणि पोरगी गळ्याला हात लावू देईना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले, त्याने लाली गेली, सूजही उतरली, पण गाठ राहिलीच.

सोनोग्राफीत 'द्रवाने भरलेली साधी गाठ' असे आले आहे. त्यानंतर आम्ही दोन सर्जनांना दाखवले. पहिल्यांचे म्हणणे असे की लहानशी चीर देऊन गाठ तेवढी काढून टाकू, संध्याकाळी घरी जाल. दुसरे मिरजेचे कान-नाक-घसा तज्ज्ञ आहेत. त्यांच्या मते गाठीबरोबर गळ्यातल्या एका हाडाचा मधला भाग काढावाच लागेल, नाहीतर गाठ पुन्हा येईल. हाड म्हटल्यावर घरात सगळ्यांचा धीर सुटला. सासूबाईंना मुलीच्या जातीला गळ्यावर व्रण नको आहे, आणि यांचा कल पहिल्या डॉक्टरांकडे आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ही गाठ मुळात झाली कशामुळे? कर्करोग नाही असे सगळेच सांगत असताना एवढी मोठी शस्त्रक्रिया का? आणि काहीच न करता थांबले तर काय होईल? ज्यांच्या घरी असे काही झाले असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानजाई

ताई, तुमचे वर्णन वाचताना माझ्या मुलाचाच कागद वाचते आहे असे वाटले. त्याचीही गाठ अशीच मध्यभागी होती, तीही सर्दीनंतर फुगायची. आमच्याकडे एका लहान रुग्णालयात गाठ तेवढी काढली. टाके छान भरले आणि वर्षभर सगळे व्यवस्थित होते. मग त्याच व्रणाच्या टोकाला एक बारीक छिद्र पडले आणि त्यातून चिकट, अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा स्राव येऊ लागला. शाळेच्या शर्टाची कॉलर रोज ओली व्हायची आणि मुलगा मान खाली घालून बसायचा.

शेवटी पुण्यात हाडाच्या मधल्या भागासह दुसरी शस्त्रक्रिया झाली. तिथल्या सर्जनांनी स्पष्टच सांगितले की पहिल्या वेळी हे काम सोपे असते, दुसऱ्या वेळी सगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात. त्यानंतर आजपर्यंत त्रास नाही. तो कबड्डी खेळतो, गणपतीत घसा बसेपर्यंत आरत्या म्हणतो. हाड गेल्याने गिळण्यात, बोलण्यात किंवा मान वळवण्यात काहीही फरक पडलेला नाही, हे आई म्हणून मी खात्रीने सांगते.

कंठमणी

मी कान-नाक-घसा शल्यचिकित्सक आहे. मुलीला तपासल्याशिवाय निदान सांगणे योग्य नाही, पण हे वर्णन थायरोग्लॉसल सिस्टशी बरेच जुळते. मुलांच्या गळ्याच्या मध्यरेषेतल्या जन्मजात गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते.

थायरॉइड ग्रंथी आपल्याला गळ्याच्या खालच्या भागात सापडते, मात्र ती तिथे तयार झालेली नसते. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती जिभेच्या मुळाशी तयार होऊ लागते आणि साधारण सातव्या आठवड्यापर्यंत मध्यरेषेतून खाली उतरून आपल्या जागी येते. उतरताना तिच्यामागे एक बारीक नळी राहते, आणि ती पुढे आपोआप विरून जाते. काही बाळांमध्ये या नळीचा एखादा भाग शिल्लक राहतो, त्याच्या आतले अस्तर स्राव तयार करत राहते आणि तो साठून गाठ होते. म्हणजे कारण जन्माच्या आधीचे आहे. आइस्क्रीम, थंड पाणी, गरोदरपणातले खाणेपिणे, यांतले काहीही याला कारणीभूत नाही. सर्दीने गाठ निर्माण केली नाही. घशातला संसर्ग तिथे पोहोचला आणि आधीपासून असलेली गाठ फुगून दिसू लागली.

आता हाडाविषयी. हायॉइड हे कंठमणीच्या वर असलेले, घोड्याच्या नालाच्या आकाराचे छोटे हाड आहे. ते त्याच काळात, त्याच वाटेवर तयार होते, त्यामुळे ती नळी हाडाला अगदी लगटून जाते, कधी पुढून, कधी मागून, तर कधी हाडातूनही. शिवाय तिला हाडाच्या वर बारीक फाटे असतात, आणि ते शस्त्रक्रियेच्या वेळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. शेतातली हरळी वरवर खुरपली तर मुळीच्या एखाद्या कांडीतून पुन्हा उगवते, तसेच इथे होते. म्हणून गाठ, हाडाचा मधला भाग आणि जिभेच्या मुळाकडे जाणारा मांसल पट्टा असे सगळे एकसंध काढतात. मेयो क्लिनिकचे वॉल्टर सिस्ट्रंक यांनी १९२० साली ही पद्धत मांडली आणि आजही तीच प्रमाण मानली जाते. नुसती गाठ काढली तर जवळपास निम्म्या रुग्णांत ती परत येऊ शकते. सिस्ट्रंक पद्धतीने केल्यास हे प्रमाण शंभरात पाच-दहाच्या आत राहते. तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

घरी एक गोष्ट पाहा. मुलीला तोंड उघडून जबडा स्थिर ठेवायला सांगा, गाठ दोन बोटांत हलकेच धरा आणि तिला जीभ होता होईल तेवढी बाहेर काढायला लावा. गाठ वर ओढली गेली तर ती जिभेच्या मुळाशी जोडलेली असण्याची शक्यता बळावते. गिळतानाही ती वर सरकते. मध्यरेषेतली डरमॉइड नावाची गाठ सहसा जिभेबरोबर हलत नाही, मात्र या चाचणीवर शंभर टक्के भिस्त ठेवता येत नाही.

आणि सोनोग्राफीच्या कागदावर एक ओळ शोधा: थायरॉइड ग्रंथी आपल्या जागी आहे, असे लिहिले आहे का?

कृष्णाकाठची

डॉक्टर, मनापासून आभार. जीभ बाहेर काढायला लावून पाहिले. गाठ बोटांतून निसटून वर गेल्यासारखी स्पष्ट जाणवली. सोनोग्राफीच्या कागदावर मात्र गाठीचे माप आणि 'आत घट्ट भाग नाही' एवढेच आहे. थायरॉइडचा उल्लेखच नाही. ही ओळ एवढी महत्त्वाची का?

कंठमणी

कारण थोड्या मुलांमध्ये थायरॉइड खाली उतरतच नाही आणि मध्यरेषेत जी गाठ दिसते ती स्वतः थायरॉइडच असते. शरीरातली एकुलती एक. ती सिस्ट समजून काढली तर मुलीला जन्मभर थायरॉइडच्या गोळ्यांवर राहावे लागेल. म्हणून शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफीत ग्रंथी जागेवर असल्याची खात्री करायची आणि टीएसएच ही थायरॉइडचे काम दाखवणारी रक्ततपासणी करून घ्यायची. ग्रंथी जागेवर दिसली नाही, तर थायरॉइडचा स्कॅन करून पुढचे ठरवायचे. हे पाहिल्याशिवाय कोणीही चीर देऊ नये, मग ते सर्जन पहिले असोत की दुसरे.

भीमथडी

मला थोडे वेगळे मांडायचे आहे. माझ्या मानेवर मागच्या बाजूला मऊ गाठ आहे आणि कॉलेजात होतो तेव्हापासून ती तशीच आहे. तीन डॉक्टरांनी तीन वेळा काढायचा सल्ला दिला, मी काढली नाही आणि मला काहीही झालेले नाही. जी गाठ जिवाला धोका करत नाही, तिच्यासाठी लहान मुलीला पूर्ण भूल देऊन गळा उघडायचा, हे मला पटत नाही. भुलेचाही धोका असतोच. साध्या गाठीला हात लावू नये, हे जुन्या लोकांचे म्हणणे अनुभवातून आलेले आहे.

रानजाई

भीमथडी, तुमची काळजी समजते, पण दोन्ही गाठी साध्या असल्या तरी त्यांचे वागणे वेगळे आहे. तुमची गाठ चरबीची असणार. ती पिकत नाही. आमच्या मुलाची गाठ दर सर्दीत पिकायची आणि प्रत्येक वेळी अँटिबायोटिक द्यावे लागायचे. लेकराला किती वेळा तापात बघायचे, यालाही काही मर्यादा आहे की नाही?

कंठमणी

भीमथडी यांचा मुद्दा त्यांच्या स्वतःच्या गाठीपुरता योग्य आहे. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, मऊ असेल, बोटाखाली निसटत असेल, वाढत नसेल आणि दिसायला किंवा कॉलरला अडचण करत नसेल, तर काढण्याची गरज नाही. एकदा खात्रीचे निदान झाले की निव्वळ लक्ष ठेवणे हासुद्धा उपचारच आहे.

इथे प्रश्न निराळा आहे. ताई, थांबलात तर उद्या काही अनर्थ ओढवेल असे नाही. ही तातडीची शस्त्रक्रिया नव्हे. पण तोंडातल्या जंतूंमुळे अशी गाठ पुनःपुन्हा पिकते, पू झाला तर वरची कातडी फुटून कायम वाहणारे छिद्र राहू शकते, आणि प्रत्येक संसर्गानंतर आतले थर अधिक चिकटून पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. मोठ्या वयापर्यंत राहिलेल्या अशा गाठींपैकी शंभरात सुमारे एकीत कर्करोगही सापडतो. तो बहुतेक वेळा सहज बरा होणारा असतो, पण संभवतो हे खरे.

वेळेचेही भान ठेवा. गाठ सुजलेली असताना शस्त्रक्रिया करत नाहीत. आधी संसर्ग बरा करतात आणि साधारण चार ते सहा आठवडे जाऊ देतात. मधल्या काळात पू झालाच तर शक्यतो सुईने ओढून काढावा, चिरा देऊन वाट मोकळी करू नये.

सहज_सुचलं

माझ्या आजोळी अशा गाठींवर कांचनार गुग्गुळ देत असत. आमच्या मावशीची मानेची गाठ त्याने पूर्ण गेली होती. शस्त्रक्रियेआधी तीन महिने हा उपाय करून पाहायला काय हरकत आहे?

औषधीबाग

मी आयुर्वेदाची चिकित्सक आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मीच द्यायला हवे. कांचनार गुग्गुळ आमच्या ग्रंथांत गंडमाळेसाठी, म्हणजे मानेत माळेसारख्या येणाऱ्या गाठींसाठी, सांगितलेला आहे आणि मी तो वापरतेही. परंतु आपल्या मावशींची गाठ कशाची होती हे आपल्याला ठाऊक नाही. घशाच्या किंवा दाताच्या संसर्गाने सुजलेले अवधाण, म्हणजे मानेतली लसीकाग्रंथी, काही आठवड्यांत स्वतःहूनही ओसरते, आणि त्या काळात जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळते. डोक्यातल्या उवा, खरूज, किडलेली दाढ यांमुळे मुलांच्या मानेत येणारी अवधाणे मी रोज पाहते. तिथे मूळ जागेचा उपचार केला की गाठ बसते.

इथे मात्र आतून अस्तर असलेली जन्मजात नळी आहे. ती विरघळवणारे औषध माझ्या शास्त्रात नाही आणि आहे असे मी कोणालाही सांगणार नाही. माझ्याकडे हे मूल आले असते तर मी त्याच दिवशी सर्जनांकडे पाठवले असते.

सातपुडा

औषधीबाग यांनी गंडमाळेचा विषय काढला म्हणून लिहितो. माझ्या पत्नीच्या मानेत उजव्या बाजूला एकाला एक लागून अशा गाठी आल्या. ताप नाही, खोकला नाही, फक्त थोडे वजन उतरले होते. दोन आठवडे अँटिबायोटिक देऊनही गाठी बसल्या नाहीत, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी आणखी एक कोर्स द्यायला ठाम नकार दिला आणि सुईची तपासणी करायला लावली. मला सुईची फार भीती वाटत होती, कारण नातेवाइकांनी सांगितले होते की सुई टोचली की रोग पसरतो. प्रत्यक्षात रक्त काढतात त्याहूनही बारीक सुई होती. काम काही मिनिटांत झाले, वर एक छोटी चिकटपट्टी लावली आणि आम्ही एसटीने घरी आलो.

त्यात क्षयरोगाची लक्षणे दिसली. त्याच नमुन्यावर सीबीनॅट चाचणी केली. तिच्यात जंतू तर कळतोच, शिवाय रिफाम्पिसिन या औषधाला तो दाद देईल की नाही तेही कळते. मग सहा महिने रोज गोळ्या; पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. औषधे सरकारी केंद्रातून मोफत मिळाली आणि निक्षय पोषण योजनेचे पैसेही खात्यात जमा झाले. ही रक्कम आता दरमहा १००० रुपये आहे.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. उपचार सुरू असताना एक गाठ अचानक मोठी झाली आणि घरात सगळे हवालदिल झाले. आमच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावले की जंतू मरत असताना शरीराच्या प्रतिकारामुळे असे होऊ शकते. तपासून खात्री केली आणि तीच औषधे चालू ठेवली. नंतर ती गाठ हळूहळू बसली. कोणाला असे झाले तर घाबरून औषध सोडू नका. आणि क्षयाच्या गाठीला चिरा देऊ नका. जखम महिनोन् महिने वाहत राहू शकते.

कंठमणी

सातपुडा, फार मोलाचे लिहिलेत. एक जोड देतो. तरुण स्त्रियांमध्ये किकुची नावाचा आजार हुबेहूब अशाच गाठी आणि ताप देतो. १९७२ मध्ये जपानमध्ये त्याचे वर्णन प्रथम झाले. तो काही महिन्यांत बहुधा आपोआप बरा होतो आणि त्याला क्षयाची औषधे लागत नाहीत. म्हणूनच आपल्या देशात मानेत गाठ म्हणजे क्षय असे गृहीत धरून, नमुना न घेता सहा महिने औषधे देणे योग्य नाही. तसेच निदानाआधी 'सूज उतरायला' म्हणून स्टेरॉइड घेऊ नये. लिम्फोमासारखा आजार, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग, असेल तर गाठ तात्पुरती वितळते आणि नमुन्यात काहीच नीट दिसत नाही.

सुईने रोग पसरतो ही भीती इतकी खोल रुजली आहे की त्यापायी लोक महिने घालवतात. या बारीक सुईने रोग पसरण्याची शक्यता नगण्य आहे, आणि तपासणी न केल्याने होणारे नुकसान मी दर आठवड्याला बघतो.

आबा_वाईकर

माझा अनुभव थोडक्यात. जबड्याच्या खाली गाठ यायची, पण ती जेवताना. लोणच्याची फोड तोंडात घातली की टच्च फुगायची, ठणकायची आणि तासाभरात ओसरायची. डॉक्टरांनी जिभेखाली बोट घालून चाचपले आणि लगेच सांगितले की लाळेच्या नळीत खडा आहे. लाळग्रंथींतले सुमारे ८० टक्के खडे जबड्याखालच्याच ग्रंथीत होतात, असेही त्यांनी सांगितले. तोंडाच्या आतूनच छोटी चीर देऊन तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा खडा काढला. बाहेर कुठलाही व्रण नाही. गाठ केव्हा फुगते आणि केव्हा ओसरते हे डॉक्टरांना नीट सांगावे, निम्मे निदान तिथेच होते.

निशिगंध

आबांनी लिहिले ते अगदी खरे. माझी गाठ थायरॉइडची. आरशात पाणी पिताना वर-खाली होताना दिसली. टीएसएच व्यवस्थित, सोनोग्राफीत टीआय-रॅड्स ३ (कर्करोगाचा संशय थोडासाच) अशी श्रेणी आणि माप अडीच सेंटिमीटरपेक्षा थोडे जास्त, म्हणून सुईची तपासणी केली. तिचा अहवाल बेथेस्डा २, म्हणजे साधी गाठ. तेव्हापासून ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून घेते, बाकी काही नाही. नात्यातल्या एका काकूंना पूर्वी अशी गाठ बारीक करायला थायरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. माझ्या डॉक्टरांनी सांगितले की टीएसएच सामान्य असताना तसे आता करत नाहीत, कारण फायदा फारसा होत नाही आणि हृदयाची धडधड, हाडे ठिसूळ होणे असे त्रास होऊ शकतात.

घरी सगळ्यांनी आयोडीनचे मीठ वाढव असा धोशा लावला होता. त्याचा काही उपयोग असतो का?

कंठमणी

तयार झालेली गाठ जास्त मिठाने बसत नाही, आणि तुम्ही आयोडीनयुक्त मीठ वापरतच असाल तर आणखी वाढवण्याचे कारणच नाही. मिठाने काम केले ते फार मोठ्या पातळीवर. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंडाचे प्रमाण घटते हे दाखवून दिले, आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. कांगड्यातल्या त्या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे. पिढ्यान्‌पिढ्या दैवाचा भाग म्हणून सोसलेला आजार त्यांनी मूठभर मिठातून हटवला.

थायरॉइडची साधी गाठ काढावी लागते ती गिळायला किंवा श्वासाला अडथळा होऊ लागला, सतत वाढू लागली किंवा जास्त हार्मोन तयार करू लागली तर. काही ठिकाणी आता सुईतून उष्णता देऊनही ती लहान करतात, पण त्याआधी गाठ साधी असल्याची पक्की खात्री लागते.

भीमथडी

सगळे प्रतिसाद वाचले. माझी हरकत गाठ उगाच काढण्याला होती. पिकणारी आणि मुळाशी नळी असलेली गाठ वेगळी, हे मान्य आहे. तरीही ताईंनी भुलेबद्दल सर्जनांशी नीट बोलून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

कृष्णाकाठची

सर्वांचे प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. सोनोग्राफी पुन्हा करून घेतली; थायरॉइडचे दोन्ही भाग जागेवर आणि सामान्य आकाराचे आहेत असे या वेळी स्पष्ट लिहून दिले आहे. टीएसएचही सामान्य आहे.

त्यानंतर आम्ही सगळेच मिरजेला गेलो. भुलेविषयी विचारले, तेव्हा भूलतज्ज्ञांनी स्वतः मुलीला तपासले आणि सर्दी असेल तर तारीख पुढे ढकलू असे सांगितले. व्रणाबद्दल सासूबाईंनी विचारले. डॉक्टरांनी मुलीला मान खाली घालायला लावली, गळ्यावर जी आडवी घडी पडते तिच्यावर बोट फिरवले आणि म्हणाले, "आजी, चीर या घडीतच देणार आहे." सासूबाईंनी नातीचा गळा दोन-तीनदा निरखून पाहिला आणि मग तारीख कोणती मिळेल ते विचारले. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी केली, कागदपत्रे दिली आहेत. दिवाळीच्या सुट्टीतली तारीख धरली आहे.

रानजाई

फार बरे झाले. शस्त्रक्रियेनंतर पहिला दिवस गळ्यात एक बारीक नळी ठेवतात. तिची मुलीला आधीच कल्पना द्या, नाहीतर शुद्धीवर आल्यावर पोर घाबरते. गिळताना सुरुवातीला दुखते, म्हणून मऊ भात, गार दही, खीर असे काही हाताशी ठेवा. आणि काढलेला सगळा भाग तपासणीला पाठवला आहे ना, हे विचारायला संकोच करू नका.

कृष्णाकाठची

दिवाळी होऊन गेली. शस्त्रक्रिया नीट पार पडली. रानजाईताई, नळीबद्दल आधी सांगितल्यामुळे मुलीने ती स्वतःच तपासून पाहिली आणि नर्सला "यातून काय येतंय?" असे विचारले. दुसऱ्या दिवशी नळी काढली आणि घरी सोडले. आवाज पहिल्या दिवसापासून पूर्वीसारखाच आहे.

तपासणीचा अहवाल आला: थायरोग्लॉसल सिस्ट, भिंतीत थोडी थायरॉइडची ऊती, हायॉइड हाडाचा मधला भाग नमुन्यात समाविष्ट, कर्करोगाचा कुठलाही अंश नाही. व्रण घडीत आहे, सध्या गुलाबी दिसतो; डॉक्टरांनी उन्हापासून जपायला आणि टाके पूर्ण भरल्यावर सिलिकॉनचे मलम लावायला सांगितले आहे. पहिल्या वर्षात ठरलेल्या वेळी दाखवायला जायचे आहे.

पाणंद

हा धागा शोधता शोधता सापडला. माझ्या वडिलांचे वय ५२. मानेच्या डाव्या बाजूला, कानाखाली थोडी पुढे, अशी गाठ आहे, दुखत नाही. सोनोग्राफीत द्रवाने भरलेली गाठ आली आणि एका डॉक्टरांनी साधी जन्मजात गाठ असेल, सहा महिन्यांनी पाहू, असे सांगितले. वडील बरीच वर्षे तंबाखू मळतात. वरचे सगळे वाचून धीर आला आहे. आम्हीही थांबावे का?

कंठमणी

नाही, थांबू नका. वर जे धीर देणारे लिहिले आहे ते ११ वर्षांच्या मुलीच्या मध्यरेषेतल्या गाठीबद्दल आहे. चाळिशीनंतर मानेच्या बाजूला नव्याने आलेली गाठ, ती द्रवाने भरलेली असली आणि दुखत नसली तरी, कर्करोगाची नाही हे सिद्ध होईपर्यंत साधी मानायची नसते. टॉन्सिलमधल्या किंवा जिभेच्या मुळाशी असलेल्या अगदी छोट्या कर्करोगाची मानेत पोहोचलेली गाठ सोनोग्राफीत अशीच पाण्याची दिसू शकते.

याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तोंड, टॉन्सिल, जिभेचे मूळ आणि स्वरयंत्र दुर्बिणीने पाहून घ्यायला सांगा. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली गाठीच्या भिंतीतून सुईने नमुना घ्यायला सांगा, नुसते पाणी काढून भागत नाही. पहिल्या नमुन्यात काही सापडले नाही तरी तपास तिथे थांबवू नका. आणि तोवर गाठ कोणाकडूनही कापून घेऊ नका. आवाज बदलला आहे का, गिळताना अडते का, एका कानात दुखते का, वजन उतरले आहे का, हे वडिलांना आजच विचारून लिहून ठेवा.

पाणंद

विचारले. महिनाभर डाव्या कानात अधूनमधून ठणकते म्हणाले. आम्हाला सांगितलेच नव्हते. उद्या सकाळची वेळ घेतली आहे, सोनोग्राफीचे कागद सोबत नेतो.